जुन्या वैयक्तिक संगणकांवरील उच्च विभेदन ग्राफिक्स मोड आणि देवनागरी

उच्च विभेदन ग्राफिक्स मोड म्हणजे संगणकाच्या पडद्यावरील प्रत्येक चित्रबिंदू स्वतंत्रपणे उजळता किंवा विझवता येईल अशी डिस्प्ले कार्डाची कार्यपद्धती होय. आयबीएम कंपनीने १९८१ मध्ये आणलेला पीसी आणि त्याच्या धर्तीवर इतर कंपन्यांनी बनवलेले संगणक यांवर १९८० व १९९० च्या दशकांत हे मोड चालवण्यासाठी प्रोग्रामकाराला बहुधा कार्डाच्या मेमरीत आणि रजिस्टरांत थेट लिहावे लागे. इंग्रजी मजकूर दाखवण्यासाठी या खटाटोपाची गरज नव्हती, कारण रोमन अक्षरांचे ठसे कार्डातच कोरलेले असत. देवनागरीची स्थिती अगदी निराळी होती. मात्रा, रफार, अनुस्वार आणि जोडाक्षरे यांनी युक्त अशी मराठीची एक साधी ओळ पडद्यावर उमटवायची, तर ती बिंदू-बिंदू जोडून रेखाटण्यावाचून गत्यंतर नव्हते. त्यामुळे इतरत्र प्रामुख्याने खेळ आणि आलेख यांच्याशी जोडला गेलेला हा विषय भारतात लिपीच्या प्रश्नाशी निगडित झाला.

मजकूर मोडाची चौकट

मजकूर मोडात पडदा ८० स्तंभ आणि २५ ओळी अशा २,००० चौकटींत विभागलेला असतो. प्रत्येक चौकटीसाठी मेमरीत दोन बाइट राखलेले असतात. पहिल्या बाइटात अक्षराचा क्रमांक आणि दुसऱ्यात त्याचा रंग किंवा तेज असते. म्हणजे अवघा पडदा ४,००० बाइटांत मावतो. अक्षराची आकृती कार्डावरील कायमस्वरूपी मेमरीतून घेतली जाते आणि प्रोग्रामकाराला तिची फिकीर करावी लागत नाही. ४.७७ मेगाहर्ट्झ गतीच्या संगणकावरही वर्डस्टार किंवा डीबेस यांसारख्या प्रणाली चपळपणे चालत, त्याचे रहस्य या काटकसरीत आहे.

या रचनेत तीन गोष्टी गृहीत धरलेल्या आहेत. अक्षरे २५६ पेक्षा अधिक नाहीत, सर्वांची रुंदी सारखी आहे आणि एका चौकटीतील अक्षराचा शेजारच्या चौकटीशी काही संबंध नाही. देवनागरी या तिन्ही गृहीतकांना छेद देते. काना आणि ‘क्ष’ एकाच रुंदीच्या चौकटीत बसवले तर एक पोकळ दिसतो आणि दुसरा चिरडला जातो. वेलांटी व्यंजनानंतर उच्चारली जाते, पण ऱ्हस्व असल्यास त्याच्या आधी लिहिली जाते. शिरोरेषा तर शब्दभर अखंड हवी.

उंचीचा प्रश्न याहून बिकट होता. ‘सर्वांपूर्वी’ हा एकच शब्द घेतला तरी शिरोरेषेवर रफार, अनुस्वार व दीर्घ वेलांटी आणि अक्षराखाली दीर्घ उकार असे तिन्ही मजले भरतात. शिरोरेषेला एक बिंदू, वरच्या चिन्हांना किमान चार, अक्षराच्या देहाला सात आणि खालच्या उकाराला तीन-चार बिंदू दिले, तर बेरीज १५-१६ वर जाते. तीही वाचता येण्याइतपतच, सुबकतेची अपेक्षा न ठेवता. आयबीएमच्या सीजीए या पहिल्या रंगीत कार्डावर उभ्या दिशेने २०० बिंदू होते आणि २५ ओळींच्या हिशेबाने प्रत्येक ओळीच्या वाट्याला आठ बिंदू येत. आठ बिंदूंत मराठी बसत नाही. १६ बिंदूंची ओळ धरली, तर सीजीएच्या पडद्यावर जेमतेम १२ ओळी मावत.

सीजीएच्या ६४० × २०० या मोडात आणखी एक अडचण होती. चार-तीन प्रमाणाच्या पडद्यावर त्यातील प्रत्येक बिंदू रुंदीच्या २.४ पट उंच दिसे. त्यामुळे आडवी शिरोरेषा जाड आणि उभा दंड बारीक येई. बोरूच्या वळणाच्या देवनागरीतही आडव्या-उभ्या रेषांची जाडी सारखी नसते हे खरे. पण तेथे ती बोरूच्या तिरक्या कापानुसार सावकाश बदलत जाते आणि येथे बिंदूच्या आकारामुळे एकदम पालटे.

हर्क्युलस कार्ड

१९८२ मध्ये आलेल्या हर्क्युलस ग्राफिक्स कार्डाचा उगम लिपीच्या अशाच अडचणीत आहे. त्याचे निर्माते व्हॅन सुवन्नुकुल हे थायलंडचे. आपल्या प्रबंधाचे काम पीसीवर थाई लिपीत करता यावे, म्हणून त्यांनी हे कार्ड तयार केले. थाई लिपीतही अक्षराच्या वर आणि खाली चिन्हे येतात आणि सीजीएच्या २०० ओळींत ती मावत नव्हती. हर्क्युलसने एकरंगी पडद्यावर ७२० × ३४८ बिंदू उपलब्ध करून दिले. भारतातील अनेक कार्यालयांत आणि संगणक वर्गांत दिसणारे हिरवे किंवा पिवळसर अक्षरांचे एकरंगी मॉनिटर पुष्कळदा याच कार्डाच्या नकलांना जोडलेले असत. १६ बिंदूंच्या ओळीने त्यावर २१ ओळी बसत.

मात्र या कार्डाचा ग्राफिक्स मोड संगणकाच्या बायोसला ठाऊक नव्हता. सीजीए किंवा व्हीजीएवर बायोसच्या षोडशमान १० क्रमांकाच्या इंटरप्टला मोडचा क्रमांक दिला की काम होई. हर्क्युलसवर ते सर्व प्रोग्रामकाराने स्वतः करायचे असे. प्रथम ३बीएफ या पोर्टवर १ लिहून ग्राफिक्सला परवानगी द्यायची. मग ३बी८ पोर्टवर २ लिहून पडदा तात्पुरता बंद ठेवत मोड बदलायचा. त्यानंतर मोटोरोला ६८४५ या पडदा-नियंत्रक चिपची पहिली १२ रजिस्टरे ३बी४ आणि ३बी५ या पोर्टांतून एकामागून एक भरायची. मेमरी पुसून घ्यायची आणि शेवटी ३बी८ वर १० लिहून पडदा उजळायचा.

त्या १२ आकड्यांतच ३४८ या विचित्र संख्येचे कारण दडलेले आहे. ग्राफिक्स मोडातही ६८४५ ही चिप पडद्याकडे अक्षरांच्या ओळी म्हणूनच पाहते. तिला सांगितले जाते की प्रत्येक अक्षर चार रेघा उंच आणि १६ बिंदू रुंद आहे, अशा ८७ ओळी व ४५ स्तंभ आहेत. ८७ गुणिले ४ म्हणजे ३४८ आणि ४५ गुणिले १६ म्हणजे ७२०. ३५० ला चारने भाग जात नाही, म्हणून दोन रेघा सोडून द्याव्या लागल्या.

ही रजिस्टरे भरताना हलगर्जीपणा परवडत नसे. चुकीच्या आकड्यांमुळे आडव्या संकेताची कंप्रता बिघडली, तर त्या काळच्या स्थिर कंप्रतेच्या एकरंगी मॉनिटरमधील मंडलाला इजा पोहोचण्याचा धोका असे. प्रोग्राममधील चुकीने यंत्र जळू शकते, असे प्रसंग संगणकाच्या इतिहासात थोडे आहेत. हा त्यांपैकी एक होय.

चार रेघांच्या या योजनेमुळे मेमरीची मांडणीही चार खंडांत विभागली गेली. पडद्यावरील रेघ ०, ४, ८ पहिल्या खंडात, १, ५, ९ दुसऱ्यात, याप्रमाणे. प्रत्येक खंड ८,१९२ बाइटांचा असून एका रेघेला ९० बाइट लागतात. (क्ष, य) या बिंदूचा बाइट शोधण्याचे सूत्र असे:

स्थान = ८१९२ × (य भागिले ४ ची बाकी) + ९० × (य भागिले ४ चा पूर्ण भागाकार) + (क्ष भागिले ८ चा पूर्ण भागाकार)

उदाहरणार्थ, क्ष = १०० आणि य = ५० असेल, तर ५० ला ४ ने भागून बाकी २ आणि भागाकार १२ येतो; १०० ला ८ ने भागून भागाकार १२ आणि बाकी ४ येते. म्हणून स्थान = १६,३८४ + १,०८० + १२ = १७,४७६. हे स्थान बी०००० या पत्त्यापासून मोजायचे. त्या बाइटातील डावीकडून पाचवा बिट, म्हणजे ज्याचे मूल्य ८ आहे तो, उजळायचा.

अक्षर काढताना प्रत्येक बिंदूसाठी हा गुणाकार करणे वेळखाऊ होते. म्हणून अनुभवी प्रोग्रामकार अक्षराच्या पहिल्या रेघेचे स्थान एकदाच काढीत आणि पुढील रेघेसाठी त्यात ८,१९२ मिळवीत. बेरीज ३२,७६८ किंवा त्याहून अधिक झाली, की त्यातून ३२,७६८ वजा करून ९० मिळवीत. सीजीएची मांडणी अशीच, पण दोन खंडांची आणि ८० बाइटांच्या रेघेची होती.

ईजीए, व्हीजीए आणि चार प्रतले

१९८४ च्या ईजीए कार्डाने ६४० × ३५० आणि १९८७ मध्ये आयबीएमच्या पीएस/२ संगणकांबरोबर आलेल्या व्हीजीएने ६४० × ४८० बिंदू, तेही १६ रंगांत, दिले. व्हीजीएच्या या मोडाचा क्रमांक षोडशमानात १२ आहे. त्यातील बिंदू पडद्यावर चौरस दिसतात, ही अक्षरे घडवणाऱ्याच्या दृष्टीने मोठीच सोय झाली. २४ बिंदूंच्या ऐसपैस ओळीने या पडद्यावर २० ओळी येतात.

१६ रंगांसाठी प्रत्येक बिंदूला चार बिट लागतात. ६४० × ४८० बिंदूंचे १,५३,६०० बाइट होतात, तर पीसीने ए०००० या पत्त्यापासून ग्राफिक्ससाठी ठेवलेली खिडकी केवळ ६५,५३६ बाइटांची. यावर काढलेला तोडगा म्हणजे प्रतले. मेमरीचे चार थर एकाच पत्त्यावर एकावर एक ठेवलेले असून प्रत्येक थर बिंदूच्या रंगातील एकेक बिट सांभाळतो. प्रत्येक थर ३८,४०० बाइटांचा असल्याने तो खिडकीत मावतो. येथे रेघांची सरमिसळ नाही; स्थान = ८० × य + (क्ष भागिले ८ चा पूर्ण भागाकार) एवढेच सोपे सूत्र आहे. वरील उदाहरणातील बिंदू ४,०१२ या स्थानी सापडतो.

सूत्र सोपे झाले, लिहिणे मात्र अवघड झाले. कोणत्या थरांत लिहायचे ते ३सी४ पोर्टवरील दुसऱ्या क्रमांकाचे रजिस्टर ठरवते. बाइटातील आठ बिंदूंपैकी कोणते बदलायचे ते ३सीई पोर्टवरील आठव्या क्रमांकाचे रजिस्टर ठरवते. जे बिंदू बदलायचे नाहीत त्यांची मूल्ये कार्डाच्या चार लॅचमधून परत लिहिली जातात आणि हे लॅच त्या पत्त्यावरील बाइट वाचल्याशिवाय भरत नाहीत. म्हणून लिहिण्यापूर्वी एकदा वाचणे अनिवार्य आहे, जरी वाचलेल्या मूल्याचा प्रोग्रामला काही उपयोग नसला तरी. नवशिक्यांची सर्वांत नेहमीची चूक येथेच होते. वाचन विसरले, तर लॅचमध्ये आधीच्या जागेचे शिळे बिंदू राहतात आणि नवे अक्षर काढताना शेजारच्या अक्षराची कड कुरतडली जाते.

याच लॅचचा एक लाभही होता. पडदा वर सरकवताना व्हीजीएच्या लेखन-पद्धती क्रमांक १ मध्ये एक बाइट वाचून दुसरीकडे लिहिला, की चारही थर एकदम हलत. १,५३,६०० ऐवजी ३८,४०० बाइटांच्या हालचालीत काम होई. तरीही मजकूर मोडातील ४,००० बाइटांशी तुलना केली, तर मराठी मजकूर इंग्रजीच्या मानाने इतका सावकाश का सरकत असे, हे लक्षात येते.

ईजीएची बहुतेक रजिस्टरे केवळ लिहिण्यापुरती होती. त्यांत काय आहे ते वाचता येत नसे. दुसऱ्या प्रणालीच्या पाठीमागे राहून कळ दाबताच पुढे येणाऱ्या मेमरीनिवासी प्रोग्रामांना यामुळे पडदा पूर्ववत करणे कठीण जाई. व्हीजीएत ही उणीव दूर झाली.

तुटलेली शिरोरेषा

ईजीए आणि व्हीजीएवर मजकूर मोडातच अक्षरांचे ठसे बदलण्याची सोय होती. बायोसच्या षोडशमान १० इंटरप्टमधील ११ क्रमांकाच्या सेवेद्वारे २५६ अक्षरांचा स्वतःचा संच कार्डात भरता येई. रंगाच्या बाइटातील तेजाचा एक बिट खर्ची घातला, तर दोन संच मिळून ५१२ आकृत्या एकाच वेळी दाखवता येत. मजकूर मोडाचा वेग आणि देवनागरीची आकृती या दोन्हींचा लाभ घेण्याचा हा मधला मार्ग होता.

त्यात एक खुबीदार अडथळा होता. व्हीजीएच्या मजकूर मोडात प्रत्येक चौकट नऊ बिंदू रुंद असते, पण अक्षराचा ठसा आठच बिंदूंचा. नववा बिंदू दोन रोमन अक्षरांत अंतर राहावे म्हणून कोरा सोडला जातो. रोमनला त्याने उठाव येतो. देवनागरीत मात्र प्रत्येक चौकटीच्या शेवटी शिरोरेषा तुटते. अपवाद १९२ ते २२३ या क्रमांकांचा. ही चौकटी आखण्याची चिन्हे असल्याने त्यांचा आठवा बिंदू नवव्यात पुन्हा उमटवला जातो. परंतु ३२ जागांत देवनागरी बसवणे अशक्य. दुसरा उपाय म्हणजे ३सी४ पोर्टवरील पहिल्या क्रमांकाच्या रजिस्टराचा एक बिट बदलून चौकट आठ बिंदूंची करणे. मग पडदा ७२० ऐवजी ६४० बिंदूंचा होतो आणि शिरोरेषा सलग दिसते. तरीही दंड आणि काना यांना पूर्ण चौकट देण्याची सक्ती उरतेच. म्हणून नेटका मराठी मजकूर हवा असणाऱ्यांना अखेर ग्राफिक्स मोडाकडे वळावे लागे.

जोडाक्षराची घडण

ग्राफिक्स मोडात अक्षर कोठूनही सुरू होऊ शकते. ते आठच्या पटीतच असावे असे बंधन नाही. मेमरी मात्र आठ-आठ बिंदूंच्या बाइटांत विभागलेली आहे. समजा, आठ बिंदू रुंदीची आकृती क्ष = १३ पासून काढायची आहे. १३ ला ८ ने भागून भागाकार १ आणि बाकी ५ येते. आकृतीची प्रत्येक रेघ पाच बिट उजवीकडे सरकवावी लागते; डावीकडील तीन बिंदू बाइट क्रमांक १ मध्ये आणि उरलेले पाच बाइट क्रमांक २ मध्ये जातात. मात्रा किंवा रफार आधीच्या आकृतीवर चढवताना ‘किंवा’ ही तार्किक क्रिया वापरतात, म्हणजे खालचे बिंदू न पुसता वरचे त्यांत मिसळतात. कर्सरसाठी ‘व्यावर्तक किंवा’ क्रिया सोयीची, कारण तीच आकृती त्याच जागी दुसऱ्यांदा काढली की पडदा होता तसा होतो.

खरी कसोटी टंकलेखन चालू असताना लागते. ‘स्त्री’ हा शब्द घेऊ. कळफलकावर स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ ई अशा सहा कळा दाबल्या जातात आणि पडद्यावर क्रमाने स, स्, स्त, स्त्, स्त्र, स्त्री अशी रूपे दिसली पाहिजेत. दर कळेला आधीची आकृती निकामी होते आणि तिची रुंदीही बदलते. त्यामुळे प्रोग्रामला अक्षराचा आरंभ कोठे होता ते ध्यानात ठेवून तेवढा भाग पुसावा लागतो, नवे रूप काढावे लागते आणि ओळीत पुढे मजकूर असल्यास तो सरकवावा लागतो. मागे पुसण्याच्या कळेचेही असेच. ‘कि’ साठी ऱ्हस्व वेलांटी क च्या डावीकडे काढायची, म्हणून आधी उमटलेला क उजवीकडे ढकलायचा. ‘अर्क’ मधील रफार र नंतरच्या व्यंजनाच्या डोक्यावर न्यायचा, पण ‘दऱ्या’ मधील अर्ध्या र ला रफार न करता ऱ्य हे रूप द्यायचे. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन वेगळे शब्द आहेत, हे केवळ हिंदीचा विचार करून बनवलेल्या प्रणालीला सुचण्यासारखे नव्हते.

या सर्व नियमांची जागा कोठे असावी, यावर त्या काळातील प्रणालींमध्ये एक महत्त्वाचा भेद पडला. काहींनी अक्षरे साठवली आणि आकृती दर वेळी नियमांनी घडवली. काहींनी आकृत्यांचेच क्रमांक फाइलमध्ये साठवले. दुसरा मार्ग प्रोग्रामकाराला सोपा आणि पडद्यावर जलद होता, परंतु त्याची किंमत पुढे वापरणाऱ्यांना मोजावी लागली. अशा फाइलमध्ये ‘कि’ हे अक्षर वेलांटीपासून सुरू होते, म्हणून यादी अकारविल्हे लावता येत नाही आणि शब्द शोधता येत नाही. प्रत्येक प्रणालीचे आकृतिक्रमांक वेगळे असल्याने ती प्रणाली आणि तिचा फॉन्ट नाहीसा झाला, की मजकूर निरर्थक चिन्हांचा ढीग होऊन बसतो. त्या दशकांत टंकलिखित झालेला पुष्कळ मराठी मजकूर आज परिवर्तकांच्या साहाय्याने सोडवावा लागतो, त्याचे मूळ येथे आहे.

जिस्ट आणि इस्की

पहिला, म्हणजे अक्षरे साठवण्याचा, मार्ग भारतात जिस्ट तंत्रज्ञानाने रुजवला. त्याचे आरंभीचे काम कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत आर. एम. के. सिन्हा आणि मोहन तांबे यांच्या सहभागाने झाले. १९८८ मध्ये पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र अर्थात सी-डॅक स्थापन झाल्यावर हे काम तेथे पुढे चालू राहिले. जिस्ट कार्ड पीसीच्या आतील खाचेत बसवले जाई. लिपी घडवण्याचा भार या कार्डाने उचलल्यामुळे वर्डस्टार, डीबेस, लोटस १-२-३ यांसारख्या मजकूर मोडातील प्रणालींत फेरफार न करता भारतीय लिप्या वापरता येत. ज्या प्रोग्रामकाराला ६८४५ ची रजिस्टरे किंवा व्हीजीएची प्रतले ठाऊक नव्हती, त्यालाही मराठीत नावांची यादी किंवा पावती छापणे यामुळे शक्य झाले.

यामागील संकेतप्रणाली म्हणजे इस्की. तिची १९९१ ची आवृत्ती भारतीय मानक ब्यूरोने आयएस १३१९४ या क्रमांकाने स्वीकारली. इस्कीत जोडाक्षरांना स्वतंत्र क्रमांक नाहीत. व्यंजन, हलन्त, व्यंजन असा क्रम साठवला जातो आणि आकृती घडवणे पडद्यावर सोपवले जाते. भारतीय लिप्यांचे संकेत १६१ ते २५० या क्रमांकांत आहेत. पीसीवर १७६ ते २२३ हे क्रमांक चौकटी आखण्याच्या व छटांच्या चिन्हांनी व्यापलेले असल्याने पीसीसाठी संकेतांची निराळी मांडणी करावी लागली. १९८६ मध्ये ठरलेला इनस्क्रिप्ट कळफलक उच्चारक्रमावर आधारलेला असून तो याच विचारसरणीतून आला आहे. पुढे युनिकोडनेही भारतीय लिप्यांसाठी इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीची मांडणी आधारभूत मानली.

जपानमध्ये याच सुमारास उलट प्रवास झाला. तेथे एनईसीच्या पीसी-९८०१ संगणकात १९८२ पासून कांजी अक्षरे कायमस्वरूपी मेमरीत देण्याची रीत पडली होती. पण १९९० मध्ये आयबीएम जपानच्या डॉस/व्ही प्रणालीने साध्या व्हीजीए कार्डावर केवळ प्रोग्रामच्या बळावर कांजी दाखवून दिली आणि खास यंत्रांची गरज ओसरू लागली.

मुंबईतील अक्षररचनेचे काम

बिंदूंच्या ठशाला एक मूलभूत मर्यादा असते. १६ बिंदूंचा ठसा २४ बिंदूंना चालत नाही आणि हर्क्युलसच्या उभट बिंदूंसाठी केलेला ठसा व्हीजीएच्या चौरस बिंदूंवर बसका दिसतो. म्हणजे प्रत्येक आकाराला आणि प्रत्येक कार्डाला अक्षरांची नवी घडण. यातून सुटका करण्यासाठी अक्षर हे बिंदूंच्या स्वरूपात न ठेवता वक्ररेषांच्या गणितात मांडावे लागते. मुंबईत पी. के. घोष आणि एस. पी. मुदूर यांनी १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात लेखणीचा किंवा कुंचल्याचा मार्ग गणिताने वर्णन करून अक्षराकृती मिळवण्यावर संशोधन केले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील केंद्रातून १९८५ मध्ये स्वतंत्र झालेली आणि जुहू येथे असलेली राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान संस्था या कामाचे स्थान होती; ती पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली. पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील औद्योगिक अभिकल्प केंद्रात अध्यापन करणारे सुलेखनकार र. कृ. जोशी यांनीही देवनागरी अक्षराच्या संगणकीय घडणीत मोलाची भर घातली. विंडोज २००० बरोबर आलेला ‘मंगल’ हा युनिकोड फॉन्ट त्यांच्या नावाशी निगडित आहे.

सुपर व्हीजीए आणि खिडकीचा प्रश्न

१९८० च्या दशकाअखेर ८०० × ६०० आणि १०२४ × ७६८ बिंदूंची कार्डे आली. २५६ रंगांच्या मोडात प्रत्येक बिंदूला एक पूर्ण बाइट लागतो. ६४० × ४८० साठी ३,०७,२०० बाइट हवेत. ६५,५३६ बाइटांच्या खिडकीतून ते पाच हप्त्यांत पाहावे लागतात. यालाच बँक बदलणे म्हणतात. खिडकीची सीमा रेघेच्या मध्येच येते, ही त्यातील खरी डोकेदुखी. पहिल्या बँकेत १०२ रेघा पूर्ण बसतात आणि शून्यापासून मोजल्यास १०२ क्रमांकाच्या रेघेचे फक्त २५६ बिंदू मावतात. त्या रेघेवर पसरलेल्या शिरोरेषेचा डावा भाग एका बँकेत आणि उजवा दुसऱ्या बँकेत जातो. हे न तपासणाऱ्या प्रोग्रामात रेषेचा उजवा भाग पडद्याच्या अगदी वरच्या कडेला भलतीकडेच उमटे.

बँक बदलण्याची रीत प्रत्येक कंपनीची वेगळी होती. त्सेंग लॅब्सच्या ईटी४००० मध्ये ते काम ३सीडी पोर्टवरून होई, ट्रायडेंटमध्ये दुसऱ्याच रजिस्टरातून. व्हेसा या संघटनेने हा गोंधळ मिटवण्यासाठी बायोसच्या सेवा ठरवून दिल्या. षोडशमान १० इंटरप्टला ४एफ०२ ही सेवा आणि १०१, १०३ किंवा १०५ हा मोड क्रमांक दिला की अनुक्रमे ६४० × ४८०, ८०० × ६०० किंवा १०२४ × ७६८ चा २५६ रंगी मोड मिळे. ४एफ०५ ही सेवा बँक बदलून देई. १९९४ च्या दुसऱ्या आवृत्तीने सर्व मेमरी सलग दाखवण्याची सोय दिली आणि प्रोटेक्टेड मोडात चालणाऱ्या प्रोग्रामांची बँकेच्या जाचातून सुटका झाली. तोवर विंडोजने पडद्याचा ताबा घेतला होता आणि श्री-लिपीसारख्या पुण्यात तयार झालेल्या प्रणाली विंडोजवरील फॉन्टच्या आधारे मराठी छपाईच्या व्यवसायात स्थिरावल्या होत्या.

अभ्यासक्रमात

बोरलँडच्या टर्बो पास्कल व टर्बो सी यांतील ग्राफिक्स संग्रहामुळे कार्डाचा प्रकार ओळखणे, मोड बदलणे आणि बिंदू काढणे ही कामे तयार फंक्शनांनी होऊ लागली. इनिटग्राफ आणि पुटपिक्सेल ही फंक्शने महाराष्ट्रातील संगणक अभ्यासक्रमांच्या प्रात्यक्षिकांत मूळ कार्डे इतिहासजमा झाल्यानंतरही दीर्घकाळ टिकून राहिली. नागपूरचे यशवंत कानेटकर यांच्या ‘लेट अस सी’ या पुस्तकाने सी भाषा शिकणाऱ्यांचा मोठा वर्ग याच काळात घडवला. ब्रेसनहॅमची रेषा काढण्याची रीत या प्रात्यक्षिकांत हमखास असते. ती केवळ बेरीज-वजाबाकीने चालते, हा तिचा गुण मंद संगणकावर निर्णायक होता. तिरक्या उकाराची किंवा र च्या पायाची रेघ काढताना तो आजही पडताळून पाहता येतो.

डॉसबॉक्स या अनुकारक प्रणालीत हर्क्युलस, सीजीए, ईजीए, व्हीजीए आणि ईटी४००० यांपैकी हवे ते यंत्र निवडून वरील सर्व सूत्रे तपासता येतात. ६८४५ च्या रजिस्टरांत चुकीचे आकडे भरले, तरी तेथे फार तर खिडकीतील चित्र विस्कटते. मॉनिटरला काही होत नाही.